‘गैरहजर’ या शेऱ्यामागची मुले: वर्षानुवर्षे चालणाऱ्या संशोधनात किशोरवयीनांना टिकवणे अवघड का असते?

नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांना तपासणीसाठी येणारी पथके नवीन नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, मुलांची उंची-वजने होतात, दात आणि डोळे पाहिले जातात. सातपुड्यातल्या गावांमध्ये सिकलसेलसाठी रक्ताचा थेंब घेतला जातो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या माणसांची ही तपासणी आता आदिवासी भागात ओळखीची झाली आहे. ही सगळी आरोग्यसेवा आहे. तपासले, काही आढळले तर उपचाराला पाठवले, तिथे काम संपले. म्हणूनच एखादे वेगळे पथक येऊन “आम्ही संशोधनासाठी आलो आहोत आणि दर दोन वर्षांनी याच मुलांकडे पुन्हा येणार आहोत” असे सांगते, तेव्हा घरातली मोठी माणसे बुचकळ्यात पडतात. एकदा रक्त दिले, मग पुन्हा कशाला? तीच मुले कशाला, गावात दुसरी नाहीत का? आणि पाचवीत असताना हौसेने हात पुढे करणारा मुलगा नववीत गेला की मागच्या दाराने निघता निघता सांगतो, “माले नई येनं.”

घरच्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि मुलाचा नकारही रास्त असू शकतो. तरीही अशा संशोधनातून मुले सुटत गेली की जे नुकसान होते, ते फार थोड्यांना ठाऊक असते. ते नीट समजून घ्यायचे तर शेताच्या बांधावरून सुरुवात करणे सोपे जाईल.

दहा शेतांतली झाडे आणि फीत बांधलेले झाड

समजा, कपाशीवर गुलाबी बोंडअळी कधी आणि कशी वाढते हे शोधायचे आहे. एक मार्ग असा, की ऑगस्टमध्ये एका दिवशी दहा शेतांतली शंभर झाडे पाहायची आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाऊन हाताला लागतील ती दुसरी शंभर पाहायची. यातून ऑगस्टमध्ये अळी कमी होती आणि ऑक्टोबरमध्ये जास्त झाली, एवढे कळेल. दुसरा मार्ग असा, की जूनमध्येच शंभर झाडांना रंगीत फीत बांधून ठेवायची आणि पात्या लागल्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत दर आठवड्याला त्याच झाडांपाशी जायचे. मग कोणत्या झाडाला आधी अळी लागली, त्याआधी त्याला पाणी किती मिळाले होते, फवारणी कधी झाली होती आणि शेजारचे झाड कशामुळे वाचले, हे सांगता येते. पहिल्या मार्गाने ‘किती’ कळते. दुसऱ्या मार्गाने ‘का’ कळण्याची शक्यता निर्माण होते.

माणसांच्या बाबतीतही असेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हा पहिला मार्ग आहे. २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या आणि २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५९ टक्क्यांवर गेले. ही माहिती मोलाची आहे, परंतु दोन्ही फेऱ्यांतल्या मुली वेगवेगळ्या होत्या. दहाव्या वर्षी ठणठणीत असलेली कोणती मुलगी पंधराव्या वर्षी फिकी पडली आणि मधल्या काळात तिच्या आयुष्यात काय घडले, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी एकाच गटातल्या माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटणारे संशोधन लागते. त्याला आपण या लेखात ‘पाठपुरावा अभ्यास’ म्हणू. आणि अशा अभ्यासातून माणसे मध्येच सुटत जाण्याला ‘गळती’ म्हणू. शाळेतल्या गळतीमुळे हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे.

आपल्या राज्यातच असा एक मोठा अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांपासून तो सुरू केला. त्या स्त्रियांची बाळे जन्माला आली तेव्हा त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे लहानखुरी आणि काटकुळी दिसत होती, तरी त्यांच्या शरीरातले चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त होते. हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्यात पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी खूण जास्त दिसली. आईच्या पोटातले दिवस आणि मुलाचे सहावे वर्ष यांना जोडणारा हा धागा एकदाच्या तपासणीत कोणालाही सापडला नसता. बाळपणी तपासलेलीच मुले सहाव्या वर्षी पुन्हा भेटली, म्हणून तो सापडला.

दोन गल्ल्या पलीकडे

हा विषय मला जवळचा वाटतो त्याला कारण आहे. मी आठवीत असताना आमच्या शाळेत एक पथक आले होते. व्हरांड्यातल्या भिंतीला कागदी पट्टी चिकटवून त्यांनी आमच्या उंच्या मोजल्या, दंडाभोवती टेप गुंडाळला, बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि प्रत्येकीला क्रमांक लिहिलेले एक गुलाबी कार्ड दिले. ते जपून ठेवा, आम्ही दोन वर्षांनी येऊ, असे सांगितले. मी ते कार्ड गणिताच्या वहीच्या वेष्टणात ठेवले होते. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचा क्रमांक माझ्या पुढचाच होता.

पथक खरोखरच दोन वर्षांनी आले. तोवर मैत्रिणीने शाळा सोडली होती आणि तिचे लग्नही झाले होते. रजिस्टर घेऊन बसलेल्या माणसाने क्रमांक पुकारला, कोणी उठले नाही, त्याने निळ्या शाईने ‘गैरहजर’ असे लिहिले आणि पुढचा क्रमांक, म्हणजे माझ्या मागे बसलेल्या मुलीचा, पुकारला. त्या आठवड्यात मैत्रीण गावातच होती. बाळंतपणासाठी माहेरी आली होती, शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. तिचा चेहरा किती पांढरा पडला होता हे मी आदल्या संध्याकाळी पाहिले होते. त्या खोलीत जमलेल्या आम्हा सगळ्या मुलींपेक्षा तिच्या रक्ताच्या एका थेंबाला जास्त काही सांगायचे होते, असे मला आजही वाटते. कोणी तिच्याविषयी विचारले नाही. आणि मीही गप्प बसले, कारण विचारल्याशिवाय बोलायचे नसते असे आम्हाला शिकवले होते. आमच्या तपासणीतून काय निघाले, हे नंतर शाळेला किंवा आम्हाला कोणीही कळवले नाही.

गळतीचे गणित, आणि गणितात न दिसणारी गोष्ट

दहा वर्षांच्या एक हजार मुलांपासून अभ्यास सुरू केला आणि ती वीस वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी त्यांना गाठायचे ठरवले, तर पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत शंभरातली नव्वद मुले टिकली तर ते यश वाटते. पण पहिल्या फेरीत ९००, मग ८१०, ७२९, ६५६ आणि शेवटी साधारण ५९० मुले उरतात. प्रत्येक फेरीत पंच्याण्णव टिकवली, तर शेवटी ७७४ उरतात. फेरीगणिक पाच टक्क्यांचा फरक दहा वर्षांत जवळजवळ दोनशे मुलांचा होतो.

तरीही संख्या घटणे हे या नुकसानीचे सौम्य रूप आहे. खरा धोका वेगळा आहे आणि तो रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला एका वाक्यात कळेल. मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते, तेव्हा घड भरलेली, जड झालेली झाडे आधी कोसळतात. वादळानंतर उभ्या राहिलेल्या झाडांचे घड मोजून कोणी बागेचे सरासरी उत्पन्न काढले, तर त्याचा आकडा चुकणारच. आणि तो किती झाडे पडली यामुळे जितका चुकेल, त्याहून जास्त कोणती झाडे पडली यामुळे चुकेल.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये १४,५४१ गर्भवती स्त्रियांच्या नोंदणीपासून एक अभ्यास सुरू झाला. तो ‘नव्वदच्या दशकातली मुले’ या नावाने जगभर ओळखला जातो. वयाच्या सातव्या वर्षी सुमारे ८,३०० मुले तपासणीला आली. सतराव्या वर्षी सुमारे ५,२००. संशोधकांनी पुढे हे तपासले की जी सुटली ती कोणती. तेव्हा असे दिसले की स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची जनुकीय जोखीम जास्त असलेली मुले अभ्यासातून सुटण्याचे प्रमाणही जास्त होते. म्हणजे या आजाराविषयी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकायचे होते, तीच आधी दिसेनाशी होत होती. माझ्या मैत्रिणीच्या पुढचा ‘गैरहजर’ हा शेरा याच जातीचा होता. आमच्या पथकाने शेवटी जर ‘या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलींची प्रकृती बरी आहे’ असे लिहिले असेल, तर ते शाळेत टिकलेल्या मुलींपुरते खरे असेल.

मग सुटलेल्यांच्या जागी दुसरी मुले घेतली तर?

ही शंका सर्वांत आधी येते आणि तिचे उत्तर फीत बांधलेल्या झाडात आहे. ऑक्टोबरमध्ये नवे झाड निवडून त्याला फीत बांधता येईल, पण जून ते सप्टेंबर त्याचे काय झाले याची नोंद कुठून आणणार? नव्या मुलाला “तू सहा वर्षांचा असताना किती दूध पीत होतास” असे विचारून मिळणाऱ्या उत्तरावर विसंबता येत नाही.

जाणकार वाचक याहून पुढची शंका काढतील, की संख्याशास्त्रात अशा उणिवा भरून काढण्याच्या रीती आहेत. त्या आहेत आणि उपयोगीही आहेत. टिकलेल्यांपैकी जी मुले सुटलेल्यांसारखी आहेत, त्यांच्या माहितीला जास्त वजन देऊन हिशेब सुधारता येतो. मात्र यासाठी ‘सारखी’ म्हणजे कोणत्या बाबतीत सारखी, हे आधी ठाऊक असावे लागते. जात, उत्पन्न, आईचे शिक्षण या गोष्टी पहिल्या फेरीत नोंदलेल्या असतात. त्यानंतर घरात आलेले कर्ज, अचानक ठरलेले लग्न किंवा मुलाच्या मनात दाटलेली उदासी यांची नोंद कोणाकडेच नसते. मूल ज्या कारणाने सुटले ते कारणच नोंदीबाहेर असेल, तर कितीही हुशार गणित ते परत आणू शकत नाही.

किशोरवयातच गळती का वाढते?

लहानपणी मुलाला अभ्यासात आई-वडील घालतात. सात वर्षांच्या मुलाला बिस्किटाचा पुडा आणि वजनकाट्यावर उभे राहण्याची गंमत पुरते. चौदाव्या वर्षी तोच मुलगा पहिल्यांदा स्वतःला विचारतो, की हे मी का करतो आहे? त्याला कोणी उत्तर दिलेले नसते. ज्या होकारावर सगळे उभे आहे तो त्याने कधी दिलेलाच नसतो, म्हणून तो मोडताना त्याला काही मोडल्यासारखे वाटत नाही.

त्यातच शरीर बदलत असते. पाळी कधी आली, छाती, केस, आवाज यांविषयीचे प्रश्न परक्या माणसाने विचारणे, तेही ओसरीवर, बाजूला आई आणि शेजारची काकू बसलेली असताना, हे कोणत्याही मुलीला नकोसे होईल. मुलांना तंबाखू-गुटख्याविषयी विचारले जाते आणि वडील दारातच उभे असतात. अशा वेळी मुले खोटे बोलतात, किंवा पुढच्या वेळी येत नाहीत. दोन्ही गोष्टींचा दोष मुलांकडे जात नाही.

यापलीकडची कारणे आपल्या भागाच्या जगण्यात आहेत आणि ती शहरात बसून आखलेल्या वेळापत्रकात क्वचितच दिसतात. दहावीचा निकाल लागला की जूनमध्ये मुले पांगतात; कोणी जळगाव-धुळ्याला खोली घेऊन राहते, कोणी नाशिक-पुण्याला जाते, कोणी ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरून सुरतेत एखाद्या नातेवाइकाच्या ओळखीने कामाला लागते. अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि शाळा सोडलेली मुले त्यांच्यासोबत जातात. आश्रमशाळेतली मुले सत्रात एका पत्त्यावर आणि सुटीत दुसऱ्याच पत्त्यावर असतात. मुलींचे लग्न झाले की गाव बदलते, आडनाव बदलते, आणि काही घरांत पाळण्यातले नाव जाऊन नवे नावही येते. मग रजिस्टरातली मुलगी आणि सासरची सून या एकच आहेत हे कागदावरून ओळखणे अशक्य होते.

आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, मग शोधणे सोपे नाही का?

फोनने मदत होते, पण मानतात तितकी नाही. काही महिने रिचार्ज केले नाही की क्रमांक बंद होतो, आणि पुढे तोच दुसऱ्या कोणाला मिळतो. घरातला एकच फोन अनेकदा वडिलांकडे किंवा भावाकडे असतो. मुलीच्या तपासणीचा निरोप तिच्या दिराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तर तो निरोप तिला मिळेल की नाही हा एक प्रश्न आणि तो तिच्यासाठी अडचणीचा ठरेल की काय हा त्याहून मोठा प्रश्न. अनुभवी पथके म्हणून पहिल्याच भेटीत मुलाला विचारतात: तू गाव सोडलेस तर तुझा ठावठिकाणा नक्की कोणाला माहीत असेल, आणि आम्ही त्यांना विचारलेले तुला चालेल का? आपल्याकडे याचे उत्तर बहुतेक वेळा ‘मामा’ असते. अशी दोन-तीन माणसांची नावे, मुलाच्या परवानगीसह, आधीच लिहून ठेवणे हे शंभर फोन करण्यापेक्षा कामाचे असते.

टिकवण्यासाठी नेमके काय उपयोगी पडते?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली जगभरच्या १४३ पाठपुरावा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की सहभागी होण्यातले अडथळे कमी करणारे उपाय ज्यांनी वापरले, म्हणजे प्रवासाची सोय, वेळेची सवलत, घरी येऊन तपासणी, त्या अभ्यासांत साधारण दहा टक्के माणसे जास्त टिकली. उलट पुन्हा पुन्हा आठवण करून देण्यावर भर असलेल्या अभ्यासांत गळती जास्त आढळली. यातला दुसरा निष्कर्ष जपून वाचायला हवा: आठवण करून दिल्यामुळे माणसे गेली असे तो सिद्ध करत नाही; जिथे माणसे आधीच जात होती तिथे आठवणी जास्त कराव्या लागल्या, असेही असू शकते. उपायांची नुसती संख्या वाढवून फायदा झाल्याचे मात्र दिसले नाही. मला यातून कळते ते असे, की दाराची कडी वाजवत राहण्यापेक्षा त्या घराला आत्ता काय अडचण आहे हे पाहणाऱ्याला जास्त यश येते.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराचे उदाहरण या बाबतीत थक्क करणारे आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा तो अभ्यास आहे. ती ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्या ९९७ जणांपैकी ९३८ तपासणीला आले, म्हणजे ९४ टक्के. जो जगात जिथे असेल तिथून त्याला अभ्यासाच्या खर्चाने ड्युनेडिनला आणले जाते. पण नुसत्या तिकिटाने माणूस चार दशके येत राहत नाही. व्यसन, गुन्हे, मानसिक आजार यांविषयी या मंडळींनी जे सांगितले ते बाहेर गेले नाही, हा विश्वास त्यामागे आहे. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्यांच्या अभ्यासात दरवर्षी वाढदिवसाचे कार्ड पाठवण्याची प्रथा आहे. त्याने पत्ता बदलला की कळते, आणि वर्षातून एकदा कोणीतरी काही न मागता आपल्याला पत्र लिहिते, याचे मोलही असते.

आपल्याकडे वाढदिवसाच्या कार्डापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडेल असे मला ठामपणे वाटते. अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी, हा खान्देशात सासुरवाशिणींचा सण आहे. झोक्यावर गाणी म्हणायला लेकी माहेरी येतात. लग्न होऊन वीस गावांत पांगलेल्या मुली त्या दोन-चार दिवसांत एका गावात भेटू शकतात. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाचे रोट असतात तेव्हा सुरत, पुणे, मुंबईला गेलेले भाऊबंद गावी परततात. सातपुड्यात मजुरीला गेलेली माणसे होळी आणि तिच्याआधीचा भोंगऱ्या बाजार यांसाठी घरी येतात. जे पथक आपली फेरी या दिवसांच्या आगेमागे लावील, त्याला अर्धी मुले न शोधता भेटतील. जे ऊसतोडीच्या ऐन हंगामात धडगावला जाईल, त्याला कुलपे भेटतील. अर्थात सणाच्या मुख्य दिवशी सुई घेऊन दारात उभे राहू नये, एवढी समज हवीच.

भाषेचेही तसेच आहे. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीतला ‘गेल्या पंधरवड्यात तुम्हाला निरुत्साह जाणवला का’ हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. त्याच भागातली, शक्यतो तरुण, आणि मुलींसाठी स्त्री कार्यकर्ती असेल, तर तोच प्रश्न गप्पांसारखा होतो. नाजूक प्रश्न हेडफोनवर ऐकून मुलाने स्वतःच टॅबलेटवर उत्तर देण्याची पद्धत आहे. त्यात आईला किंवा कार्यकर्तीलाही उत्तर कळत नाही. ब्रिस्टलच्या अभ्यासाने किशोरवयीनांचेच एक सल्लागार मंडळ नेमले आणि तपासणीतले काय त्रासदायक वाटते, पत्र कसे लिहावे, हे त्यांनाच विचारले. आपल्याकडच्या आश्रमशाळेतली मुले असा सल्ला देऊ शकणार नाहीत, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

आणि निकाल परत सांगायला हवा. हिमोग्लोबिन किती, कमी असेल तर कुठे जायचे, हे त्याच आठवड्यात कागदावर मिळायला हवे. आणि वर्षभराने ‘तुम्ही दिलेल्या माहितीतून आम्हाला हे कळले’ असे गावात येऊन सांगायला हवे. जिथे हे होत नाही, तिथे पुढच्या फेरीला मुले का यावीत?

पैसे दिले तर येतील की

येतील, आणि तिथेच अडचण सुरू होते. बसभाडे देणे, बुडालेल्या दिवसाची भरपाई करणे, जेवण देणे हे योग्य आहे. जो रोजावर जातो त्याचा एक दिवस फुकट मागणे हाच अन्याय आहे. परंतु गरज असलेल्या घराला ‘नाही’ म्हणणे परवडू नये इतकी रक्कम पुढे केली, तर तो होकार मोकळा राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत खर्चाची भरपाई आणि आमिष यांत हाच भेद केला आहे. किशोरवयीनांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: पैसे कोणाच्या हातात जातात? वडिलांच्या हातात गेले, तर वडील मुलाला ओढून आणतील. मग तो रजिस्टरात हजर असेल, पण प्रश्नावलीवर एका खाली एक ‘माहीत नाही’ अशी उत्तरे असतील.

नको म्हणणाऱ्याला टिकवायचे म्हणजे जबरदस्तीच नाही का?

या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देते. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहभागासाठी पालकांची लेखी ‘संमती’ लागते. त्याशिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा ‘होकार’ घ्यावा लागतो. बारा वर्षांपर्यंत तो तोंडी चालतो, त्यापुढे लेखी लागतो. संशोधनातून कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याचा अधिकार असतो आणि त्यामुळे दवाखान्यातला उपचार किंवा शाळेतली वागणूक बदलता कामा नये. सरांनी सांगितले म्हणून रांगेत उभे राहिलेल्या मुलाने दिलेला होकार हा होकार नसतो.

तेव्हा टिकवणे याचा अर्थ नकार ऐकू न येणे असा होत नाही. मात्र ‘नको’ आणि ‘आत्ता नको’ यांतला फरक ओळखावा लागतो. बारावीची परीक्षा तोंडावर असलेली मुलगी यंदा नको म्हणते. रक्ताला घाबरणारा मुलगा सुईपुरते नको म्हणतो. प्रश्नांची उत्तरे तो द्यायला तयार असतो. ‘सगळे करा किंवा निघून जा’ अशी अट घातली की ही दोघेही कायमची जातात. ‘यंदा फक्त उंची-वजन, रक्त पुढच्या वेळी तुला वाटले तर’ असे म्हटले की त्यांच्यासाठी दार उघडे राहते.

गुप्ततेविषयी तर स्वच्छ बोलावे लागते. ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट वचन अठरा वर्षांखालच्या मुलाला देताच येत नाही, कारण लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यास तो कळवणे बंधनकारक आहे. बालविवाह झालेल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न फार अवघड होतो: तिला शोधून काढणारे पथक तिला मदत पोहोचवू शकते, तसेच तिच्या दोन्ही घरांवर पोलीसही आणू शकते. याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. काय गुप्त राहील आणि काय ठेवता येणार नाही, हे प्रश्न विचारण्यापूर्वी तिला सांगितलेच पाहिजे, एवढे मात्र निश्चित. मग काय बोलायचे ते ती ठरवील.

अठरावा वाढदिवस

मूल अठरा वर्षांचे झाले की पालकांनी दिलेली संमती पुढच्या फेरीला चालत नाही. त्या तरुणाला किंवा तरुणीला सगळे नव्याने समजावून त्यांची स्वतःची संमती घ्यावी लागते. गळतीची एक मोठी लाट इथे येते, आणि ज्यांनी आधीची आठ वर्षे फक्त आई-वडिलांशीच बोलणे ठेवले त्यांना ती सर्वांत जास्त बसते.

पुण्याच्या अभ्यासाने या टप्प्यापुढे मजल मारली आहे. १९९३ नंतर जन्मलेली ती मुले किशोरवयीन झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांच्यापैकी काहींना बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन पुढच्या पिढीला त्याचा फायदा होतो का, हे पाहणारा प्रयोग सुरू झाला. त्याचे उत्तर मिळायचे तर त्या मुलींची लग्ने झाल्यावर, त्या दुसऱ्या गावांत गेल्यावर आणि त्यांना मुले झाल्यावरही त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. सहा गावांतून निघालेल्या लेकींच्या मागे त्यांच्या सासरापर्यंत जाणे हा तिथे संशोधनाचा गाभाच आहे.

आपल्या गावात असे पथक आले, तर पालकांनी आणि शिक्षकांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात: नैतिकता समितीची मान्यता दाखवा, रक्ताचे निकाल केव्हा देणार ते सांगा, मुलाने मध्येच नको म्हटले तर काय करणार ते सांगा. मी त्यांत आणखी एक प्रश्न घालीन. रजिस्टर घेऊन बसलेल्या माणसाला विचारावे, की ही मुलगी दोन वर्षांनी शाळेत नसली, तर तुम्ही तिच्यासाठी कुठे जाल? त्याच्या वहीत मुलीच्या नावापुढे तिच्या मामाचे गाव लिहिलेले असेल आणि पुढच्या फेरीची तारीख आखाजीच्या सुमाराची असेल, तर मी माझ्या घरातल्या मुलीला त्याच्यासमोर बसू देईन, अर्थात तिची इच्छा असेल तर.